शेतातला घडीचा चाकू : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

विळा आणि खुरप्याच्या धारेविषयी मागं लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत खिशातल्या चाकूबद्दलचे प्रश्न बरेच होते. त्यांतले निवडक इथं घेतले आहेत.

प्रश्न : पाच एकर रान आहे. दोन एकर मोसंबी, बाकी कापूस आणि तूर. सुतळी कापणं, खताची पोती फोडणं, ठिबकची नळी कापणं, पाणसोट (झाडाचे सरळ वाढणारे निरुपयोगी फुटवे) काढणं, मधेच भाकरीबरोबर कांदा चिरणं अशा कामांना चाकू दिवसभर लागतो. दोन वर्षांत तीन चाकू वाया गेले. एकाचं टोक मोडलं, एकाची मूठ निघाली, एकाला धारच राहत नाही. पाचशे रुपयांच्या आत टिकाऊ चाकू घ्यायचा तर काय पाहून घ्यावा? (ता. अंबड, जि. जालना)

टोक मोडलेल्या चाकूनं बहुतेक काहीतरी उचकटलं असणार. डब्याचं झाकण, ठिबकचा घट्ट बसलेला जोड, फिल्टरची टोपी, असं काहीही. पातं कापायला असतं, आडवा जोर त्याला सोसत नाही. त्यासाठी दहा-वीस रुपयांचा जुना पेचकस आखाड्यावर (रानातल्या खोपीवर) ठेवा, चाकूचं आयुष्य तेवढ्यानंच दुप्पट होईल. मूठ निघालेल्या चाकूत बहुधा प्लॅस्टिकच्या दोन फाका नुसत्या रिव्हेटनं जोडलेल्या असतील, आत लोखंडी पत्ती नसेल. आणि धार न राहणारा चाकू मऊ स्टीलचा आहे, तो कितीही घासला तरी सुधारणार नाही.

आता नवीन घेताना. पात्याची लांबी साडेसात ते साडेआठ सेंटीमीटर पुरेशी आहे. फ्रान्समधल्या साव्हॉय भागात १८९० साली जोसेफ ओपिनेल यांनी शेतकऱ्यांच्या वापरासाठी काढलेला घडीचा चाकू आजही जगभर विकला जातो. त्यातला सगळ्यात चालणारा आठ नंबर, त्याचं पातं साडेआठ सेंटीमीटर. तुमच्या पाचशेच्या हिशेबात तो बसणार नाही, पण माप म्हणून लक्षात ठेवा. शेतीच्या हाताला याहून लांब पातं लागत नाही, उलट लांब पातं सांध्यावर जास्त ताण आणतं. पाठीकडची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असावी. चार मिलिमीटरचं जाडजूड पातं दिसायला भक्कम वाटतं, पण कांदा चिरताना तो कापण्याऐवजी फुटतो, आणि पाणसोटाचा काप सफाईदार येत नाही.

चाकू मिटलेला असताना मूठ किमान दहा-अकरा सेंटीमीटर हवी, म्हणजे चारही बोटं तिच्यावर मावतात. तीन बोटांची मूठ घामानं फिरते. पूर्ण लोखंडी मूठ वैशाखाच्या उन्हात हाताला चटका देते आणि ओल्या हातातून निसटते. लाकडी मूठ हाताला सगळ्यात छान, पण पावसाळ्यात फुगली की पातं बाहेर निघत नाही. आतून लोखंडी पत्ती आणि बाहेरून खरखरीत जाड प्लॅस्टिक, हे आपल्याकडच्या कामाला बरं. रंग मात्र लाल किंवा केशरी घ्या. काळा-खाकी चाकू कापसाच्या सरीत पडला तर तो पुढच्या नांगरटीलाच सापडतो. मुठीला भोक असेल तर त्यातून वीतभर दोरी ओवा.

स्टीलबद्दल दुकानदार जे सांगतो त्यावर जाऊ नका, पात्यावर काय कोरलंय ते वाचा. नुसतं ‘स्टेनलेस’, ‘सर्जिकल’ किंवा ‘जपान स्टील’ लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘३सीआर१३’, ‘५सीआर१५’, ‘८सीआर१३’ असे आकडे असतील तर ते वाचणं सोपं आहे. पहिला आकडा कार्बनचा, टक्क्याच्या दहाव्या भागात. ‘सीआर’नंतरचा आकडा क्रोमियमचा, टक्क्यांत. म्हणजे ३सीआर१३ मध्ये कार्बन सुमारे ०.३ टक्के, ५सीआर१५ मध्ये ०.५ टक्के. कार्बन जितका कमी तितकी धार लवकर जाते. ०.३ वाला चाकू पोती फोडण्यापलीकडे कामाचा नाही, ०.५ च्या पुढचा घ्या. ‘डी२’ नावाचं कडक स्टील हल्ली स्वस्त चाकूंतही येतं. त्याची धार खूप टिकते, पण एकदा गेली की साध्या दगडावर परत आणायला फार घासावं लागतं, त्याला हिऱ्याच्या भुकटीची पट्टी बरी पडते. शेतकऱ्यानं असा चाकू घेऊन अडकू नये. पाच मिनिटांत आपल्या आपण धार लावता येते तोच चाकू शेतात टिकतो.

एक गैरसमज पक्का रुजलाय. चुंबक चिकटत नाही ते स्टील भारी, असं भांड्यांवरून लोक समजतात. चाकूला हे उलटं लागू होतं. चुंबकाला न चिकटणारं भांड्यांचं स्टेनलेस तापवून विझवलं तरी कडक होत नाही, त्याला धार टिकूच शकत नाही. चाकूच्या पात्याला चुंबक चांगला चिकटलाच पाहिजे. जाताना एक छोटा चुंबक खिशात न्या.

साधं कार्बन स्टील घ्यावं की स्टेनलेस? कार्बनला धार चटकन लागते आणि किमतीच्या मानानं ती जास्त टिकते, पण मोसंबीचा आंबट रस लागला की तासाभरात पातं काळं पडतं. हा काळपटपणा वाईट नाही, तो पुढच्या गंजाला थोडा अडवतोच. तांबडा गंज मात्र पोखरतो. रोज संध्याकाळी पातं पुसायची सवय असेल तर कार्बन घ्या. सवय नसेल तर स्टेनलेसच बरं. आणि एक लक्षात ठेवा, म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठ आहे. त्याच्या पोत्यात घातलेला चाकू न धुता मिटला तर स्टेनलेसलाही खड्डे पडतात.

शेवटी सांधा. दुकानात चाकू उघडा, मूठ एका हातात आणि पात्याचं टोक दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. अजिबात हलता कामा नये. नवा असताना केसभर हलणारा चाकू सहा महिन्यांत बोटभर हलेल. मग मिटून पाहा, पातं दोन पत्त्यांच्या बरोबर मधोमध बसतं का, की एका बाजूला घासतं. त्यानंतर खटका. नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभा राहणारा चाकू कापायला ठीक, पण टोक खुपसायला धोक्याचा, कारण जोर उलटा आला की तो बोटांवर मिटतो. पोत्याला टोकानंच भोक पाडायचं असतं, म्हणून अडकण असलेला घ्या. मुठीच्या आतली पत्ती सरकून पात्यामागं उभी राहते तो प्रकार मातीला बरा, कारण तो उघडून दिसतो आणि साफ होतो. पाठीवर दाबायची कळ असते त्या चाकूच्या खाचेत काळी माती जाऊन बसते, कळ अर्धीच पडते आणि आपल्याला वाटतं चाकू अडकलाय. कोणताही प्रकार घेतलात तरी उघडून पात्याची पाठ लाकडी काउंटरवर दोन-तीनदा हलकेच आपटून पाहा. तेवढ्यानं मिटला तर परत द्या.

कात्री, बाटलीओपनर, करवत असं सगळं एकात असलेला स्वस्त चाकू घेऊ नका. पाचशे रुपये आठ अवजारांत वाटले की पात्याच्या वाट्याला साठ येतात.

प्रश्न : चाकूला धार लावायला धारवाल्याकडं दिला. दोन दिवस छान चालला, मग पूर्वीपेक्षा बोथट झाला. आता धार लागतच नाही. घरी लावायची पद्धत सांगा. (ता. वसमत, जि. हिंगोली)

पात्याची कड निरखून पाहा. धारेच्या अगदी काठावर निळसर-जांभळी छटा असेल तर धारेचं पाणी, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा, उतरलंय. चाकूला पाणी दिल्यावर तो सुमारे दोनशे अंशांवर परत तापवून चिवट केलेला असतो. कोरड्या फिरत्या चाकावर पातळ कड एका क्षणात तीनशे अंशांच्या घरात जाते आणि तिथं लोखंड मऊ पडतं. निळा रंग ही त्याचीच खूण. ही कड आता दगडावर हळूहळू घासून काढावी लागेल, एक-दीड मिलिमीटर आत गेलं की पुन्हा कडक पोलाद लागतं. पुढच्या वेळी चाकावर द्यावंच लागलं तर दर घासणीनंतर पातं पाण्यात बुडवायला सांगा. बोटाला सोसवेल इतकंच पातं गरम झालं पाहिजे.

घरी लावायला करबोरंडमचा दुबाजू दगड घ्या. एक बाजू खरबरीत, एक बारीक. हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो. लहान दगडावर कोन सांभाळता येत नाही, म्हणून वीतभर लांबीचा घ्या. ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. दगडावर पाणी शिंपडत राहा. पाणी ठेवा किंवा तेल, पण एकदा तेल ओतलेल्या दगडावर पुन्हा पाणी नीट काम करत नाही.

कोन हा सगळा खेळ आहे. दोन सेंटीमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून पेन्सिलच्या जाडीइतकी उचलली, म्हणजे सुमारे सात मिलिमीटर, की कोन वीस अंशांच्या आसपास येतो. शेतीच्या चाकूला हा कोन योग्य. पाठ याहून खाली नेली तर धार तीक्ष्ण येते पण पोत्याच्या दोऱ्यानंच दुमडते. पहिल्या वेळी खरीखुरी पेन्सिल पाठीखाली धरून अंदाज घ्या, मग हाताला कळतं. कोन बरोबर बसतोय का हे पाहायला धारेच्या कडेवर काळा मार्कर फिरवा आणि दोन हात घासा. काळा रंग अगदी काठावरचा गेला तर कोन बरोबर. काठावर रंग राहिला आणि वरचा गेला तर पाठ थोडी उचला.

एकाच बाजूनं घासत राहा, मुठीपासून टोकापर्यंत, जणू दगडाचा पातळ पापुद्रा कापताय अशा दिशेनं. टोकाकडं पातं वळतं तिथं मनगट थोडं उचलावं लागतं, नाहीतर टोक कायम बोथट राहतं. कधी थांबायचं हे घासण्यांच्या संख्येवर ठरत नाही. अंगठा धारेवरून पलीकडच्या बाजूला आडवा, बाहेरच्या दिशेनं फिरवा. तिथं मुठीपासून टोकापर्यंत सलग बारीक खरखर लागली की या बाजूचं काम झालं. ती खरखर म्हणजे पलीकडं वळलेली लोखंडाची लव. ती येण्याआधी बाजू बदलली तर धार कधीच लागत नाही, आणि ‘दगड खराब आहे’ म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथंच चुकतं. लव आली की दुसरी बाजू तशीच घासा. मग बारीक बाजूवर अर्धा जोर, शेवटी नुसत्या पात्याच्या वजनानं एकेक हात आलटून-पालटून. उरलेली लव जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर काढायची. इथं पातं उलट ओढायचं, पाठ पुढं आणि धार मागं, दहा-बारा वेळा.

वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला गेला तर झालं. रानात दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची न चकाकणारी गोल कड हा बारीक दगडच आहे, चार-चार हात तिथं मारले तरी दिवस निभतो. दोन कातरीसारख्या कडांमधून ओढायचं स्वस्त यंत्र मात्र वापरू नका. ते धार लावत नाही, लोखंड खरवडून काढतं.

प्रश्न : चाकूच्या सांध्यात घरचं करडईचं तेल सोडलं. महिन्यात चाकू इतका जाम झाला की दोन हातांनी उघडावा लागतो. (ता. औसा, जि. लातूर)

करडईचं तेल हवेत वाळून चिकट होतं आणि पुढं व्हार्निशसारखं घट्ट बसतं. जवसाचंही तेच, जवस तर त्याहून लवकर वाळतं. खायला उत्तम, सांध्याला नाही. आता गरम पाणी आणि भांड्याच्या साबणात चाकू अर्धा तास बुडवा, जुन्या दातघाशीनं सांधा घासा, नाही निघालं तर थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून उघडझाप करा. पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, बस. पात्यावर, ज्यानं आपण खातो, तिथं खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तरी चालतं. सांध्यात मात्र तेही नको, थंडीत थिजतं.

प्रश्न : मोसंबीचे डोळे स्वतः भरायला (कलमाची कळी खुंटाच्या रोपावर बसवायला) शिकतोय. खिशातल्याच चाकूनं काप घेतो, पण निम्मे डोळे सुकतात. शेजारी म्हणतात चाकूच चुकीचा आहे. खरं का? शिवाय एका झाडाचा रोग दुसऱ्याला चाकूमुळं लागतो का? (ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर)

शेजारी बरोबर सांगतात. खिशातल्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो, म्हणून लाकडात शिरताना तो आपोआप वळतो आणि काप खोलगट येतो. कलमाच्या चाकूचं पातं एका बाजूनं सपाट आणि एकाच बाजूनं उतरतं असतं, त्यानं काप पाटीसारखा सपाट येतो. फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर पेन्सिलएवढ्या दोन काड्यांना तिरपे काप द्या, कापलेल्या बाजू एकमेकींवर ठेवा आणि उन्हाकडं धरा. मधून उजेड दिसला तर तेवढ्या जागेत साल सालीला चिकटत नाही, आणि डोळा तिथूनच सुकायला लागतो. डावखुऱ्यांनी घेताना उतार कोणत्या बाजूला आहे हे पाहून घ्यावं.

या चाकूला धार लावताना उताराची बाजू तिच्या मूळ कोनातच घासायची. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त लव काढण्यापुरते एक-दोन हात. सपाट बाजूची पाठ जराशी जरी उचलली तरी कलमाचा चाकू साधा चाकू होऊन बसतो. सुतळी, नळी, कांदा, काहीही या चाकूनं कापू नये.

डोळा भरताना खुंटावर उभा काप अडीच-तीन सेंटीमीटरचा, त्यावर आडवा काप, दोन्ही फक्त सालीच्या जाडीचे. पातं आतल्या लाकडात रुतलं की जोर जास्त होतोय. साल धारेनं उचलू नका, कलमाच्या चाकूला मागं पितळेची किंवा प्लॅस्टिकची बोथट जीभ असते ती त्यासाठीच. डोळा एकाच ओढीत काढा, करवतल्यासारखं पुढं-मागं केलं की पेशी चिरडतात. आणि डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. सांधा मातीला लागला की डिंक्याची बुरशी पावसाच्या शिंतोड्यांबरोबर थेट तिथं पोचते.

रोगाचं उत्तर हो असंच आहे. मोसंबीतले काही विषाणूजन्य रोग, डाळिंबावरचा तेल्या, हे रस लागलेल्या पात्यावरून दुसऱ्या झाडावर जातात. दर झाडानंतर पातं एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायचं. बाजारात हे द्रावण बहुधा जास्त तीव्रतेचं मिळतं, बाटलीवरचा आकडा वाचा. पाच टक्क्यांचं असेल तर २०० मिलि द्रावणात ८०० मिलि पाणी. रोज सकाळी ताजं करा आणि सावलीत ठेवा, उन्हात त्याची ताकद उडते. दोन चाकू ठेवले तर एक द्रावणात असताना दुसऱ्यानं काम चालतं. हे द्रावण लोखंड खातं, म्हणून काम संपल्यावर साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवायलाच हवं. संडास साफ करायच्या ॲसिडच्या जवळ ते नेऊ नका, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : गोठ्यात पेंढ्यांच्या सुतळ्या आणि सरकी पेंडेची पोती कापायला तुकडे मोडून वापरायचा कटर ठेवलाय. स्वस्त पडतो. चाकू कशाला घ्यावा? (ता. आष्टी, जि. बीड)

गोठ्यात तो कटर ठेवू नका. ही विनंती आहे. घरात, दुकानात कितीही वापरा.

त्या पात्यावर तुटण्यासाठीच खाचा असतात. कडब्याची करकचून बांधलेली पेंढी कापताना थोडा आडवा झोका बसला की तुकडा टिकदिशी उडतो आणि कुटीत पडतो. गाय-म्हैस चारा जिभेनं ओढून घाईनं गिळते, चावण्याचं काम नंतर रवंथ करताना होतं. त्यामुळं धातूचा तुकडा तिला जाणवतच नाही. तो जड असल्यानं जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या कप्प्यात, जाऊन बसतो. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त एक पडदा. पोट आकुंचन पावताना ते टोक पोटाची भिंत भेदून पुढं सरकतं, हृदयाच्या पिशवीपर्यंत.

दूध अचानक निम्म्यावर येणं, रवंथ थांबणं, पाठीची कमान करून पुढचे कोपर बाहेर काढून उभं राहणं, उतारावरून उतरताना कण्हणं, ही सुरुवातीची लक्षणं. गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला, म्हणजे पोळीला, सूज दिसू लागली की बऱ्याचदा उशीर झालेला असतो. पहिल्या लक्षणांतच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. डॉक्टर गरज पाहून जनावराच्या पोटात चुंबक सोडतात, सुरुवातीला त्याचा उपयोग होतो. कडबाकुट्टीच्या तोंडाशी एक मोठा चुंबक बांधून ठेवला तर तार-खिळे तिथंच अडकतात.

गोठ्यासाठी न तुटणारं, आकडीसारखं आत वळलेलं पातं उत्तम. सुतळीखाली घालून आपल्याकडं ओढलं की एका हिसक्यात तुटते आणि पेंढी हलत नाही. कापलेली सुतळी गाठीसकट उचलून खुंटीला अडकवा. सकाळी दहा पेंढ्या सोडल्या तर खुंटीवर दहा सुतळ्या हव्यात. नायलॉनची दोरी पोटात गेली तर तीही बाहेर येत नाही. कीटकनाशकाचं पाकीट कापलेला चाकू वैरणीला किंवा भाकरीजवळ कधीच नको, त्याला मुठीवर रंगाचा पट्टा मारून वेगळा ठेवा.

प्रश्न : गावातल्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपट्ट्याचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) चाकू करून घ्यायचाय. तो बाजारातल्यापेक्षा टिकेल का? काय सांगून करून घ्यावा? (ता. परंडा, जि. धाराशिव)

टिकेल, आणि पैशाच्या मानानं याहून चांगला सौदा नाही. पण घडीचा नको. घडीच्या चाकूचा सांधा आणि स्प्रिंग मापात बसवणं हे वेगळं काम आहे. लोहार किंवा घिसाडी कारागिराकडून म्यानातला सरळ चाकू करून घ्या.

कमानपट्ट्याचं पोलाद साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बनचं, त्यात सिलिकॉन असतो, म्हणून चिवट. धार फार काळ टिकणारं नाही, पण मोडणार नाही आणि दगडावर लगेच उठेल. पट्टा जुना असेल तर मधल्या भोकाजवळचा तुकडा घेऊ नका. लाखो हेलकाव्यांनी तिथं डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, पाणी देताना चाकू ‘टिण्’ असा आवाज करून तडकतो. टोकाकडचा तुकडा घ्या.

पातं नऊ सेंटीमीटर, पाठ तीन मिलिमीटर, आणि शेपूट मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीचं. उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं करून लाकडात ठोकलेलं नको, ते वर्षात डुलायला लागतं. मूठ वाळलेल्या बाभळीची, तीन पितळी रिव्हेट.

विळ्याला जसं गार पाण्यात विझवतात तसं या पातळ पात्याला करू नये असं आधीच बोलून घ्या. पाण्यात ते वाकतं किंवा तडकतं. हाताला चांगलं गरम लागेल इतकं कोमट केलेलं कोणतंही खाद्यतेल लिटरभर-दोन लिटर, त्यात विझवायचं. किती तापवायचं? भट्टीतलं पातं चुंबकाला चिकटायचं थांबलं की आणखी थोडं, मग तेलात, टोक खाली आणि सरळ. तेल भडकतं, म्हणून पत्र्याचं झाकण हाताशी ठेवा आणि जवळ कडबा नको. विझवल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते घासून चकचकीत करून तापलेल्या जाड लोखंडी तव्यावर पाठीच्या बाजूनं ठेवायचं. रंग वाळल्या गव्हाच्या काडीसारखा पिवळा झाला की उचलायचं. तपकिरी-जांभळ्यावर गेलं तर धार मऊ पडली, पुन्हा सगळं करावं लागेल. बरेच कारागीर हे शेवटचं काम घाईत उरकतात, म्हणून त्या वेळी तिथं थांबा आणि वेळेचे चार पैसे जास्त द्या. कानस धारेवरून घसरते पण थोडी चावतेही, असं झालं की पाणी जमलं.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत खटका दाबला की उघडणारा लांब चाकू पाहिला. शेतात वापरायला घेतला तर कायद्याची अडचण आहे का? एसटीतून नेता येतो का? (ता. लोहा, जि. नांदेड)

तो चाकू शेतीचा नाही, घेऊ नका. कळीवर उघडणाऱ्या यंत्रणेत आपली काळी माती गेली की तो एक तर उघडत नाही, नाहीतर खिशात उघडतो.

कायद्याचं थोडक्यात असं. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत धरलेत, घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं वगळून. म्हणून कोयता-विळ्याला परवाना लागत नाही आणि आठ सेंटीमीटरचा घडीचा चाकू या मापाच्या कितीतरी खाली आहे. पण सणवार, निवडणुका, मोर्चे अशा काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत बाजारात, मिरवणुकीत खिशात चाकू असेल तर ‘शेतीचा आहे’ हे तिथल्या तिथं पटवून देणं अवघड जातं.

म्हणून चाकू आखाड्यावर किंवा अवजारांच्या पिशवीत राहू द्या. प्रवासात न्यायचाच तर मिटलेला, कापडात गुंडाळून, सामानाच्या तळाशी. विमानात हातातल्या पिशवीत चालत नाही. यात्रेत अवजारांच्या पालांवर साधे घडीचे चाकूही असतात, वरच्या सगळ्या तपासण्या तिथं उभ्या उभ्या करता येतात.

प्रश्न : चाकू चांगला आहे, पण सांधा ढिला झालाय. फेकून द्यावा का? (ता. गंगाखेड, जि. परभणी)

नको. सांध्याला स्क्रू असेल तर पाव फेरा आवळा आणि उघडझाप करून पाहा. परत परत सैल होत असेल तर स्क्रू काढून आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब लावून बसवा. रिव्हेट असेल तर पातं आणि पत्तीच्या फटीत पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद सरकवा, रिव्हेटचं खालचं डोकं ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर टेकवा आणि वरच्या डोक्यावर छोट्या गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके द्या. चार ठोके, मग उघडून पाहा, मग परत चार. एका दमात जोरात ठोकलं की सांधा जाम होतो आणि मग रिव्हेट कापून नवीन घालण्यावाचून इलाज राहत नाही. कागद ओढून किंवा भिजवून काढा, तेलाचे दोन थेंब सोडा.